वारो : बस्त्यांव

फोनवरचा माणूस खारेपाटणचा होता आणि घाईत होता.

"तुमचो बँड आसा मां?"

"आसा," मी म्हणालो.

"येत्या आयतारी मोकळे आसास?"

"आसंव."

"बरा झाला. झिलाचा लगीन आसा. बाजारातसून मंडपापर्यंत वरात. घोडो आमचो, बँड तुमचो."

आमच्या सिंधुदुर्गात 'माझा बँड आहे' असं सांगितलं की माणसं आधी तुमच्या अंगावर लाल कोट शोधतात आणि मग लग्नाचा हंगाम कसा चाललाय ते विचारतात. त्यात त्यांची काही चूक नाही. मी इनास, गिटार वाजवतो आणि 'रापण' नावाचा चार माणसांचा जॅझ बँड चालवतो, हे वाक्य मालवणच्या बाजारात उभं राहून कितीही वेळा म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत वरातच दिसते. एरवी मी समजावून सांगतो आणि फोन ठेवतो. पण त्या दिवशी मला वाटलं, बघू तरी काय होतं. माझी आई याला 'नको थय बोट घालूची खोड' म्हणायची. तिच्या त्या शब्दांपलीकडे माझ्या कारकिर्दीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. त्यामुळे जन्म, शाळा, मुंबईतल्या हॉटेलांत काढलेली वर्षं, परदेशचे कार्यक्रम हे सगळं मी इथे गाळतो. ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो माणूस त्या वरातीत माझ्या शेजारी चालत होता.

तर आम्ही गेलो. टेम्पोवर स्पीकर आणि बॅटऱ्या बांधल्या, पखवाज घेऊन बाबली वर बसला, मी गिटार गळ्यात अडकवून मागून चालू लागलो. मी आमचं सुरू केलं. थोड्याच वेळात घोडा थांबला. नवरदेव वळून बघू लागला. नाचायला पुढे आलेले तरुण हात खाली सोडून उभे राहिले, आणि नवऱ्याचा मामा माझ्यापाशी येऊन अगदी शांतपणे म्हणाला, "पावण्यांनु, ह्या काय चल्लाहा? कोण गेलो काय?"

शेजारून चालणाऱ्या बस्त्यांवने माझ्या तारांवर हात ठेवून त्या बंद केल्या आणि ट्रंपेट उचलला. सगळ्यांना ठाऊक असलेलं एक गाणं त्याने धरलं. पहिल्या सुरातच मामाचा खांदा हलला. मंडप येईपर्यंत बाजार नाचत होता. हळूहळू मी त्या सुराखालून माझे वेडेवाकडे स्वर पुन्हा सोडायला लागलो, आणि नवऱ्याच्या आत्या त्याच्यावरही नाचल्या. बस्त्यांवचा सूर पुढे असला की माझं काहीही लोकांच्या गळी उतरतं, ही गोष्ट मला त्या वरातीत कळली. आमचा बँड टिकला तो यावर, असं मी कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही, पण ते तसंच आहे.

जॅझ म्हणजे काय ते बाहेरच्यांना कसं सांगायचं हा माझा जुना प्रश्न. आमच्या भागात ते एका अर्थी सोपं आहे, कारण इथे दशावतार आहे. राक्षसाने शेवटी मरायचं हे ठरलेलं असतं, पण मरण्याआधी त्याने काय बोलायचं ते कुठे लिहिलेलं नसतं. तो ज्या दिवशी जे सुचेल ते बोलतो, समोरचा देव त्याला तिथल्या तिथे उत्तर देतो, आणि पेटीवाला दोघांना सांभाळतो. जॅझ एवढंच आहे. बाबली तर वालावलचा, दशावतारातच पखवाज वाजवून मोठा झालेला. त्याला मला काही शिकवावं लागलं नाही. आमची बास गिटारवाली सई पुण्याची, तिला मात्र दशावतार दाखवायला न्यावं लागलं.

आणि नाव 'रापण' का? रापण ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून समुद्रात मोठं जाळं अर्धगोल टाकतात. त्याचे दोन दोर किनाऱ्यावर लांब अंतरावर दोन टोळ्यांच्या हातात असतात. दोन्ही टोळ्या ओढत ओढत एकमेकांकडे सरकत येतात. पाण्यात काय आहे ते कुणालाच दिसत नाही, दोराला जे जाणवतं त्यावर सगळं चालतं. आमची जी सगळ्यांत लांब रचना आहे ती अशीच बांधलेली आहे. दोघे मंचाच्या एका टोकाला, दोघे दुसऱ्या. दोन वेगवेगळ्या लयींत सुरुवात, मग वाजवत वाजवत जवळ येणं. जाळ्यात कधी खूप येतं, कधी नुसतं शेवाळ. शेवाळ आलं की लोक म्हणतात, 'छान होतं, पण आम्हाला कळलं नाही.'

मी तारांमध्ये नाना वस्तू घालतो. काथ्या, चामड्याची पट्टी, नारळाच्या झावळीची हीर. हीर दोन तारांत तिरकी अडकवली तर गिटार जुन्या घड्याळासारखी टणटणते. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या सभागृहात मी असा रंगात आलेलो असताना तिथला ध्वनियोजनेचा माणूस पाय न वाजवता मंचावर आला, वाकून माझ्या कानात म्हणाला, "सर, केरसुणीची काडी अडकलीय," आणि ती उपसून घेऊन गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बस्त्यांव ट्रंपेट तोंडाला लावूनच हसत होता, त्यामुळे त्याच्या ट्रंपेटमधूनही हसणं निघालं. त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला आवाज तोच.

बस्त्यांव आमच्याच वाडीतला, माझ्याच वयाचा. मालवणच्या बाजारात त्याचं शिवणकामाचं दुकान आहे. शाळेचे गणवेश, फादरचे झगे, नवऱ्यामुलाचे कोट. आणि वाडीतल्या प्रत्येक फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, लग्नाला, मयताला त्याचा ट्रंपेट. आमच्याकडे माणूस गेला की शवपेटीपुढे बँड चालतो, आणि बस्त्यांव वाजवत असला तर रडू न येणारेही रडतात. मी मुंबईहून परत आलो आणि बँड काढायचं डोक्यात घेतलं तेव्हा सर्वांत आधी त्याच्या दुकानात गेलो होतो. माझं सगळं भाषण त्याने टाचण्या ओठांत धरून ऐकलं. मग त्या काढून म्हणाला, "तुजा काय ता तू कर. माका माजो सूर वाजवक दी. सूर म्हणजे शिवण रे. उसवलेली दिसता नये."

माझं सगळं काम उसवण्याचं आणि त्याचं शिवण्याचं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांवर करवादत एकत्र वाजवलं.

मग त्याचे दात गेले.

ट्रंपेट ओठांवर वाजतो असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर तो दातांवर वाजतो. ओठ नुसते थरथरतात, त्यांना मागून टेकायला भिंत लागते आणि ती पुढच्या दातांची असते. बस्त्यांवच्या हिरड्या बरीच वर्षं कुरकुरत होत्या. त्याने लवंगेचं तेल लावून वेळ मारून नेली. शेवटी कुडाळच्या डॉक्टरांनी पुढचे वरचे-खालचे सगळे काढले आणि कवळी दिली. कवळीने माणूस भाकरी खातो, भांडतो, हसतो. पण ट्रंपेटचा दाब आला की ती मागे सरकते. डॉक्टरांनी ती दोनदा बदलून दिली, बिचाऱ्यांनी ट्रंपेट समोर वाजवून दाखवायला लावला. काही उपयोग झाला नाही.

हे सगळं झाल्यावर तो पहिल्यांदा तालमीला आला. आमच्या तालमी माझ्या घराच्या पडवीत, रविवारी सकाळी. बाबलीने पखवाजाला कणीक लावायचं काम उगाच लांबवलं. बस्त्यांवने कवळी काढून रुमालात ठेवली, ट्रंपेट उचलला आणि फुंकला.

सूर आला नाही. हवा आली. पितळेच्या नळीतून जाताना तिला थोडा रंग चढला होता, बस. त्याने बटणं दाबली तशी ती हवा बदलली, जाडी झाली, पातळ झाली. मग थांबली.

सई आपल्या तारांकडे बघत बसली. आणि मी म्हणालो, "परत कर."

त्याने केलं. त्याला वाटलं असावं, मी काही दोष शोधतोय. मी त्या हवेखाली एकच तार अगदी हळू छेडली. असं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मोठ्या मोठ्या वादकांनी नुसती हवा वाजवलेली मी ऐकली आहे, पण ते सगळे दात असलेले लोक. ते सूर बाजूला ठेवून हवा वाजवतात, आणि ती गंमत आहे हे ऐकू येतं. इथे एक माणूस सूर शोधत होता आणि हवा येत होती.

"परत," मी म्हणालो. "मधलं बटण सोड सावकाश."

माझा चेहरा मला दिसत नव्हता. सई नंतर म्हणाली, "तुम्ही जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानासमोर उभे असल्यासारखे दिसत होतात." तो चेहरा बस्त्यांवने पाहिला. त्याने ट्रंपेट पुसला, पेटीत ठेवला, कवळी बसवली, कारण त्याला स्पष्ट बोलायचं होतं.

"माजे दात गेले आनी तुका खेळ सुचता," तो म्हणाला. "मी मेलंय तरी तू कान लावन बसशीत, हाडां कशी वाजतत ती आयकूक."

आणि गेला. खरं सांगायचं तर तो पायऱ्या उतरत असतानाही माझ्या कानात ती हवाच होती. मला वाईट वाटलं ते संध्याकाळी.

बँड चालवणं म्हणजे पुढे उभं राहून हात हलवणं नव्हे. गाडी वेळेवर येईल का, कोण कोणाशी बोलत नाही, कुणाला मासे चालत नाहीत, हे सगळं ध्यानात ठेवायचं काम असतं. आणि कधीतरी कुणाला तरी सांगायचं असतं की आता तू नको. मुंबईच्या हॉटेलातले आमचे बँडमास्तर हे तोंडाने कधी सांगत नसत. ज्याला काढायचं त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी मंचावर नसायची. माणूस वाद्य घेऊन यायचा, खुर्च्या बघायचा आणि मागच्या दाराने निघून जायचा. मला ते फार क्रूर वाटायचं. स्वतःवर वेळ आली तेव्हा कळलं की ते मास्तर घाबरत असत.

कारण वेळ आलीच होती. गावच्या शाळेच्या पटांगणावर आमचा कार्यक्रम ठरला होता. एवढं जग फिरलो, पण गावात आम्ही कधी वाजवलं नव्हतं. कुणी बोलावलं नव्हतं आणि आम्हीही विषय काढला नव्हता. सईने म्हापशाचा एक तरुण ट्रंपेटवाला शोधला. त्याचं वाजवणं मी ऐकलं. चांगला होता, नम्र होता, सगळे दात होते. 'हो' म्हणायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात बस्त्यांवची बायको कारमेलीन घरी आली. ती बसली नाही.

"ट्रंपेट रोज सकाळी काडता, पुसता, परत ठेयता," ती म्हणाली. "तोंडाक लायना नाय. कोणाकडे बोलणा नाय. तू दुसऱ्या कोणाक घे इनास, मी काय म्हणूचंय नाय. पन आदी तेका सांग. बाजारात दुसऱ्याकडसून कळला तर तो मरात."

मी त्याच दिवशी त्याच्या दुकानात गेलो. तो गणवेशांच्या ढिगामागे मशीनवर बसला होता. मी पाठ करून गेलो होतो. म्हणालो, "रापणीत बघ, म्हातारे झाले म्हणान कोण घराक जाता? ओढूक जमणा नाय तो मागे बसान दोर गुंडाळता. तोव रापणीतच मां?"

मला हे फार सुरेख सुचलं होतं. मशीन थांबलं.

"म्हणजे माका दोर गुंडाळूक बसयतंस," तो म्हणाला.

"तसा न्हय."

"मगे कसा?" त्याने धागा तोडला. "एक विचारतंय, सरळ सांग. तुका माजी कीव येता, काय तो आवाज होयो?"

असा सरळ प्रश्न मला आजवर कुणा समीक्षकाने विचारलेला नाही. त्याची कीव येते की तो आवाज हवाय, हे मला स्वतःलाच बघायचं होतं.

"आवाज होयो," मी म्हणालो. "कीव येती तर तुज्याकडसून आनी दोन शर्ट शिवन घेतलंय असतंय."

तो हसला नाही, पण टाचण्यांची डबी त्याने उगाचच इकडची तिकडे केली. मला आतापर्यंत ठाऊक असलेला बस्त्यांव 'जमूचा नाय' म्हणाला असता आणि पुढचा गणवेश घेतला असता.

"पत्रकात माज्या नावाफुडे ट्रंपेट लिवक नको," तो म्हणाला.

"मगे काय लिव?"

"ट्रंपेट म्हणजे सूर. लोक पत्रक वाचन येतले नि सूर आयकूक बसतले. मी खोटा कित्याक सांगू? ह्यो सूर न्हय, ह्यो वारो. वारो म्हणान लिव."

त्याला म्हणायचं होतं नुसती हवा, आपण उकडल्यावर पंख्याखाली जाऊन घेतो ती. आणि मलाही तेवढंच ऐकू आलं. म्हापशाच्या मुलाला मी नकार कळवला. दुसऱ्या दिवशी पत्रकं छापून आली. गिटार : इनास. बास : सई. पखवाज : बाबली. वारो : बस्त्यांव. एसटी स्टँडवर, मासळी बाजारात, शाळेच्या फाटकावर ती लागली.

आम्ही दोघेही क्रिस्तांव, आणि दोघांच्याही डोक्यात एक गोष्ट आली नाही. आमच्या हिंदू शेजाऱ्यांमध्ये वारो म्हणजे फक्त हवा नव्हे. देव माणसाच्या अंगात संचारतो त्यालाही वारोच म्हणतात. देवळात कुणाच्या अंगात वारो आला की लोक हात जोडून पुढे जातात आणि आपल्या अडचणी विचारतात. बाबलीला हे समजायला हवं होतं, पण त्याने पत्रक वाचलंच नव्हतं. आपलं नाव बरोबर छापलंय एवढं बघून त्याने ते खिशात घातलं होतं.

संध्याकाळपर्यंत मासळी बाजारात बातमी पक्की झाली होती की शाळेच्या पटांगणावर शिंप्याच्या, आणि तोही क्रिस्तांव शिंप्याच्या, अंगात वारो येणार आहे. सोबत वाजप आहे. बाबलीचा फोन आला, "दादानू, आमच्या वाडीतसून टेम्पो भरून येतत. बायलमाणसां नारळ घेवन येतत." चर्चबाहेर फादरांनी मला बाजूला घेतलं. "इनास, हे बस्त्यांवचं काय ऐकतोय मी? त्याला काही त्रास होतोय का?" मी म्हटलं, "फादर, दातांचा." त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

मी घाबरलो. हा माणूस आधीच भाजलेला, आता सगळं गाव त्याचा तमाशा बघायला येणार. पत्रकं काढून दुसरी लावायची तयारी करून मी दुकानात गेलो. तोपर्यंत त्याच्याकडे बातमी चार गिऱ्हाइकांनी पोचवली होती.

"लोक हसतले?" त्याने विचारलं.

"हसतीत कदाचित."

तो कोटाला बटण लावत होता, त्याने गाठ मारली. "मी खोटा कायेक लिवक नाय. वारो म्हणालंय, वारोच फुकतलंय. तेंका जा काय समजायचा ता समजांदेत. पत्रक काडू नको."

कार्यक्रम उन्हं उतरल्यावर सुरू झाला. आमच्या आजवरच्या कुठल्याही कार्यक्रमाला एवढी माणसं आली नव्हती. पहिल्या रांगांत कोळणी, वाडीतल्या बायका, कुणाच्या हातात ओटीचं ताट, कुणाच्या मांडीवर नारळ. मागे तरुण मंडळी मोबाइल सरसावून. एका कडेला आमची क्रिस्तांव मंडळी, जरा अंग चोरून. शाळा समितीच्या अध्यक्षांनी शुद्ध मराठीत खुलासा केला की 'वारो' हे एक आधुनिक वाद्य असून गैरसमज नसावा. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "आदी असाच सांगतत."

आम्ही दोन रचना वाजवल्या. लोक समजूतदारपणे बसून राहिले, एसटी यायची असते तेव्हा बसतात तसे. मग 'रापण' सुरू केली. सई आणि मी एका टोकाला, बाबली दुसऱ्या. बस्त्यांव या वेळी मध्ये उभा. खुर्ची नको असं त्यानेच सांगितलं होतं. कवळी त्याने मंचावर येण्याआधी खिशात टाकली होती, त्यामुळे त्याचे गाल आत गेले होते आणि तो एकदम फार म्हातारा दिसत होता. मागच्या बाजूला कुणीतरी खुसखुसलं.

त्याने डोळे मिटले आणि फुंकायला सुरुवात केली.

तालमीत आम्ही ते ठरवून बसवलं होतं, पण त्याने त्यातलं काही केलं नाही. आधी फक्त श्वास, आत आणि बाहेर. मग बटणांनी त्याला वळण. मग त्याने ओठ जवळ आणले, सूर येईल असं वाटलं, येता येता राहिला, आणि तो त्या जागेवर थांबून राहिला. पुन्हा पुन्हा त्या काठापर्यंत जायचा आणि पलीकडे पाऊल टाकायचा नाही. जोर लागत होता, त्याने त्याचं अंग हलत होतं, मान थरथरत होती. बाबलीने बोटं उचलून पखवाजावर तळहात नुसता घासायला घेतला. सईने एक स्वर धरला आणि सोडलाच नाही. मला घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी गिटारीवर हात ठेवून तिची तार बंद केली आणि ऐकत उभा राहिलो.

खुसखुस थांबली होती. पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले होते. क्रिस्तांवांच्या बाजूला कारमेलीन उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, काहीतरी म्हणत असावी. मोबाइल कुणी खाली केले नव्हते, पण बघत कुणी मोबाइलमध्ये नव्हतं.

तो थांबला. टाळ्या झाल्या नाहीत. कुठे टाळ्या वाजवायच्या आणि कुठे नाही हे लोकांना माहीत असतं.

मग पुढच्या रांगेतून जनाकाकी उठली. ती मासळी बाजारातली जुनी कोळीण, आम्ही सगळे तिला ओळखतो. ती पदर सावरत मंचाजवळ आली आणि बस्त्यांवच्या समोर उभी राहिली. कुणी तिला थांबवलं नाही.

"माजो झील बोटीर गेलो हा," ती म्हणाली. "गणपतीक येतंय म्हणालेलो, येवक नाय. फोन लागणा नाय. येतलो मां?"

बस्त्यांवने डोळे उघडले. त्याच्या तोंडात दात नव्हते आणि हातात ट्रंपेट होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यभर लोकांना न कळणारं वाजवत आलो, मला अशा प्रश्नाची सवय नाही. समितीचे अध्यक्ष आभार मानायला पुढे सरकत होते, त्यांचा हात मी धरून ठेवला.

बस्त्यांव मंचाच्या कडेला आला आणि सावकाश खाली बसला, तिच्याएवढा झाला.

"काकी, मी देव न्हय," तो म्हणाला. दात नसल्यामुळे शब्द ओले येत होते. "मी शिंपी. तुज्या झिलाचो शाळेचो शर्ट मी शिवललो. तो कदी येतलो ता माका कळणा नाय."

जनाकाकीने हातातला नारळ पोटाशी धरला.

"तू बस हय," तो म्हणाला. "मी तेच्यासाटी वाजयतंय."

ती मंचाला टेकून जमिनीवर बसली. त्याने ट्रंपेट पुन्हा तोंडाला लावला, समुद्राच्या दिशेने वळला आणि फुंकू लागला, अगदी हळू, मागच्या रांगांना ऐकू जाईल की नाही याची फिकीर न करता. बाबलीने हात आवरले. सईने वाजवलं नाही. मी गिटारीची वायर काढली. माझं वाजवणं ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या, नाकं मुरडली, बक्षिसं दिली, पण काही विचारायला कुणी आलेलं नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला.

तो थांबल्यावर जनाकाकीने डोळे पुसले, नारळ त्याच्या पायाशी ठेवला आणि उठली.

"परत कदी?" तिने विचारलं.

"आयतारी," बस्त्यांव म्हणाला. "ह्येच्या पडवीत तालीम आसता आमची. चर्चात मिस झाली की येतंय मी. तू पन ये."

हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.